भूक कमी करणारी सुई : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल अमरावतीपासून गडचिरोलीपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली आहेत. पत्रांत औषधे मुख्यतः दोनच: सेमाग्लुटाइड (वेगोव्ही, ओझेम्पिक) आणि टिर्झेपाटाइड (मौन्जारो). मौन्जारो भारतात मार्च २०२५ मध्ये आले, वेगोव्ही जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि इथल्या कंपन्यांनाही ते बनवायची वाट मोकळी झाली. पेन (आत औषध भरलेले, पेनासारखे दिसणारे इंजेक्शन) किंवा कुपी अशा रूपात औषध तालुक्याच्या मेडिकलपर्यंत पोचते आहे. ते कसे वापरायचे हे नीट समजावून सांगणारे माणूस मात्र सगळीकडे भेटत नाही, म्हणून यावेळी सदराची सगळी पाने या एका विषयाला दिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे औषध भूक कमी करते. शरीराला लागणारे पाणी आणि प्रथिने मात्र तेवढीच लागतात, आणि आधीपासून चालू असलेल्या शुगर-बीपीच्या गोळ्याही तेवढ्याच जोराने काम करत राहतात. पत्रांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे.

प्रश्न : आमच्याकडे आठवडी बाजारात "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून वजन उतरवायची पावडर मिळते. पंधरा दिवसांत भूक मरते. हजारोंची सुई घेण्यापेक्षा हे बरे नाही का? (वणी, जि. यवतमाळ)

नाही. ज्या डब्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, आणि जी पावडर पंधरा दिवसांत भूक मारते, तिच्यात न लिहिलेले काहीतरी आहे असेच धरून चाला. जगभरात अशा "हर्बल" पुड्यांत सर्वांत जास्त वेळा सापडलेली भेसळ म्हणजे सिबुट्रामिन. हे भूक मारणारे औषध एकेकाळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत असे. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात वाढतात असे दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते मागे घेतले गेले आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. त्याआधी फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा खराब करते म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले. रिमोनाबँटने लोकांना नैराश्य येऊ लागले आणि तेही बंद झाले. भूक मारणाऱ्या औषधांचा जुना इतिहास असा आहे, म्हणून नव्या औषधाबद्दलही सावध राहणाऱ्या वाचकांचे आम्हाला कौतुक वाटते.

पावडर घेतल्यापासून छातीत धडधड, तोंड कोरडे, रात्री झोप नाही, बीपी वाढलेले, अशी लक्षणे असतील तर ती आजच बंद करा. डबा फेकू नका. तो घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना दाखवा. कोणत्याही औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी नि:शुल्क क्रमांकावर करता येते.

नवी इंजेक्शने वेगळ्या वाटेने काम करतात. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक निघते, ते मेंदूला "पोट भरले" असा निरोप देते आणि जठरातले अन्न सावकाश पुढे सरकू देते. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करते. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला आणखी एका संप्रेरकाची. जठर सावकाश रिकामे होते हे लक्षात ठेवा, कारण मळमळ, करपट ढेकर, उलट्या यांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : माझ्या बहिणीचे वजन ५८ किलो, उंची पाच फूट दोन इंच. लग्न ठरले आहे, दोन महिन्यांत पाच किलो कमी करायचे आहे. माझ्या सासूबाईंचे वजन ८२ किलो, उंची पाच फूट एक इंच, शुगर आणि गुडघेदुखी. दोघींनी एकाच पेनमधून घेतले तर खर्च वाचेल का? (आर्वी, जि. वर्धा)

ताई, पेन दोघींत कधीच वापरायचे नाही. दर वेळी सुई बदलली तरीही नाही. टोचताना रक्ताचा अंश पेनच्या नळीत मागे ओढला जाऊ शकतो आणि कावीळ-बी, कावीळ-सी, एचआयव्ही एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतात.

आता कोणाला चालते ते पाहू. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये घेऊन तिला त्याच आकड्याने गुणा, आणि वजनाला त्या गुणाकाराने भागा. सासूबाईंची उंची १.५५ मीटर. १.५५ गुणिले १.५५ म्हणजे २.४०, आणि ८२ भागिले २.४० म्हणजे ३४. हा झाला बीएमआय. तो ३० किंवा जास्त असेल, किंवा २७ किंवा त्याहून जास्त असून सोबत शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणे असे काही असेल, तर या औषधाचा विचार होतो. सासूबाई त्यात बसतात. बहिणीचा आकडा २३ च्या आसपास येतो. भारतीयांत २३ ला वजन थोडे जास्त धरतात हे खरे, पण औषध लागावे असे तिथे काहीच नाही. शिवाय पहिले दोन महिने औषधाचे लहान डोसच चालू असतात. लग्नाच्या तारखेआधी मळमळ नक्की मिळेल, पाच किलो मिळतीलच असे नाही. तिला घेऊ देऊ नका.

सासूबाईंनी सुरू करण्याआधी तालुक्यात होणाऱ्या तपासण्या करून घ्याव्यात: तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृत, थायरॉइड, बीपी, आणि शुगर असल्यामुळे डोळ्याच्या पडद्याची तपासणी. पडदा आधीच खराब असेल आणि साखर झपाट्याने खाली आली तर तो काही काळ आणखी बिघडू शकतो, म्हणून ही तपासणी टाळू नका. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर हे औषध चालत नाही. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा पित्ताचे खडे असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : सहा आठवडे झाले, दीड किलोच कमी झाले. मेडिकलवाला म्हणतो, मोठ्या डोसचे पेन घेऊन जा. घेऊ का? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

घेऊ नका. पहिला डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, तो पोटाला सवय लावण्यासाठी असतो. वेगोव्हीची पायरी अशी: ०.२५ मिग्रॅ आठवड्याला एकदा, चार आठवडे, मग ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. मौन्जारो २.५ मिग्रॅने सुरू होते, चार आठवड्यांनी ५, आणि पुढे गरज पडली तरच २.५ च्या पायरीने वर, जास्तीत जास्त १५ पर्यंत. एखाद्या पायरीवर उलट्या होत असतील तर तिथेच आणखी चार आठवडे थांबायचे किंवा डॉक्टरांना विचारून एक पायरी खाली यायचे. लहान डोसवर वजन नीट उतरत असेल तर वर चढलेच पाहिजे असेही नाही.

आकड्यांची अपेक्षा नीट ठेवा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २.४ मिग्रॅ सेमाग्लुटाइडवर ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले, तेही आहार आणि चालण्याच्या जोडीने. म्हणजे ८० किलोच्या माणसाचे सव्वा वर्षात बारा किलो. दीड महिन्यात दीड किलो ही चांगली चाल आहे.

प्रश्न : पेन परवडत नाही म्हणून कुपी आणली. गावातल्या कंपाउंडरने इन्सुलिनच्या सिरिंजने दिले. रात्रभर उलट्या, दोन सलाईन लागल्या. औषध खराब होते का? (दर्यापूर, जि. अमरावती)

औषधापेक्षा मोजण्यात चूक झाली असण्याची शक्यता जास्त. कुपी वापरणाऱ्या प्रत्येकाने हा भाग सावकाश, कागद-पेन घेऊन वाचावा.

आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपीची यू-४०, तिच्यात १ मिली म्हणजे ४० रेघा. नारिंगी टोपीची यू-१००, तिच्यात १ मिली म्हणजे १०० रेघा. सरकारी दवाखान्यात आणि खेड्यात लाल टोपीची सर्रास असते. मोबाइलवर फिरणाऱ्या सूचना मात्र बहुतेक यू-१०० च्या हिशेबाने असतात. त्या रेघा इन्सुलिनसाठी आखलेल्या आहेत. या औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो, आणि कुपीत एका मिलीत किती मिलिग्रॅम आहे हे कंपनीनुसार बदलते. म्हणून "दहा युनिट घ्या" या वाक्याला काही अर्थच नाही.

उदाहरण घेऊ. कुपीवर १ मिलीत २ मिग्रॅ असे छापले आहे आणि डोस ०.२५ मिग्रॅ. ०.२५ भागिले २ म्हणजे ०.१२५ मिली. हे लाल टोपीच्या सिरिंजवर ५ रेघा होतात, नारिंगी टोपीच्या सिरिंजवर साडेबारा. आता कोणी नारिंगीचा आकडा घेऊन लाल सिरिंजमध्ये साडेबारा रेघा भरल्या, तर पोटात गेले ०.६२ मिग्रॅ, म्हणजे अडीच पट. तुमच्याकडे असेच काही झाले असावे. अमेरिकेत कुप्यांतून घेताना लोकांनी पाच ते वीस पट डोस घेतल्याची प्रकरणे झाल्यावर तिथल्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये इशारा दिला होता.

आणि एकदा जास्त गेलेले औषध लवकर उतरत नाही. सेमाग्लुटाइड निम्मे व्हायलाच सुमारे एक आठवडा लागतो, टिर्झेपाटाइडला पाच दिवस. म्हणून चुकून जास्त डोस गेला असेल तर "बरे वाटतेय" म्हणून घरी बसू नका. दवाखान्यात सांगून ठेवा, पुढचे काही दिवस पाणी आणि साखर यांवर लक्ष ठेवा, आणि पुढचा डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

कुपीच वापरायची असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: डोस मिग्रॅमध्ये, तोच डोस मिलीमध्ये, आणि सिरिंज कोणती. मौन्जारोची कुपी एका वेळची असते, आत ०.५ मिली. ती सगळी एकदाच घ्यायची. अर्धी आज, अर्धी पुढच्या आठवड्यात असे करायचे नाही. तिच्यात जंतू रोखणारे द्रव्य नसते आणि उरलेले औषध दूषित होते.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात ४६ अंश जाते आणि लाइट दिवसातून चार-पाच तास नसते. फ्रिज असून नसल्यासारखा. पेन टिकेल का? (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

न वापरलेले पेन २ ते ८ अंशांतच हवे. वापरायला घेतलेले पेन ३० अंशांच्या आत बाहेर ठेवता येते: वेगोव्हीचे पेन सहा आठवडे, मौन्जारोचे चार डोसचे पेन ३० दिवस. इतर कंपन्यांचे किती ते पाकिटातल्या कागदावर पाहा. मौन्जारोच्या पेनमध्ये चार डोस झाल्यावरही थोडे औषध उरलेले दिसते. ते पाचवा डोस नव्हे. पेन टाकून द्यायचे.

तीस अंश हा आकडा आपल्याकडे मार्च ते जून घराच्या आतही पाळला जात नाही, म्हणून साठाच करू नका. एका वेळी एकच पेन घ्या. मेडिकलवाल्याला विचारा, त्याच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे का. नसेल तर दुसऱ्या दुकानातून घ्या. तालुक्याहून आणताना तोंड रुंद असलेला थर्मास न्या, तळाशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ, वर टॉवेलची घडी, त्यावर पेन. बर्फाला पेन टेकता कामा नये. मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा एसटीच्या खिडकीजवळ उन्हात ठेवलेल्या पिशवीत अर्धा तासही नको.

घरी फ्रिजमध्ये मधल्या फळीवर ठेवा. दारात तापमान वर-खाली होते आणि बर्फाच्या कप्प्याखाली गोठायची भीती असते. गोठलेले पेन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखेच दिसते, पण काम करत नाही. ते फेकायचे. लाइट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास थंडावा धरतो.

रोजच्या वापराच्या पेनसाठी माठ हा आपल्या कोरड्या उन्हाळ्यातला चांगला उपाय आहे. एक मोठा माठ, त्यात लहान मडके, दोघांच्या मधल्या जागेत ओली वाळू. लहान मडक्यात झाकणाच्या प्लास्टिक डब्यात पेन, वर ओले गोणपाट. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा आणि माठ सावलीत, वारा लागेल असा ठेवा. बंद कोठीत ठेवला तर पाणी उडत नाही आणि थंडावाही येत नाही. डब्यात एक साधा थर्मामीटर ठेवून दुपारी तीन वाजता आकडा पाहा. तीस अंशांच्या खाली असेल तर बरोबर. हा उपाय पावसाळ्यात दमट हवेमुळे ढिला पडतो, आणि न उघडलेल्या पेनसाठी तो कधीच पुरेसा नाही.

औषध पाण्यासारखे स्वच्छ हवे. ढगाळ किंवा कण दिसले तर वापरू नका. पण उन्हाने निकामी झालेले औषध स्वच्छही दिसू शकते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. पेन उन्हात राहिले होते आणि अचानक भूक पूर्ववत झाली, तर आधी पेनवर शंका घ्या, डोस वाढवू नका.

प्रश्न : सुई घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास मळमळ. त्यात वावरात जावेच लागते. मागच्या आठवड्यात उलट्या झाल्या आणि लघवी चहासारखी लाल झाली. (कुरखेडा, जि. गडचिरोली)

लघवीचा रंग हा तुमच्या शरीराने दिलेला इशारा होता. खाणे कमी झाले की वरण, ताक, भाजी यांतून पोटात जाणारे पाणीही कमी होते. वर उन्हातला घाम आणि उलट्या. एवढ्यावर मूत्रपिंड रुसते. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली असेल तर धोका आणखी वाढतो. या औषधावर असताना उन्हाच्या दिवसांत वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका.

आठवड्याचा वार हुशारीने निवडा. मळमळ साधारण पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असते, म्हणून ज्या वारानंतर दोन दिवस हलके काम असेल तो वार ठेवा. सोंगणी, रोवणी, कापूस वेचणी ऐन भरात असताना नवा मोठा डोस सुरू करू नका. तोच डोस चार आठवडे पुढे ओढायला डॉक्टर सहसा हरकत घेत नाहीत. वावरात जाताना दोन लिटर पाणी न्या, तहानेची वाट न पाहता अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन-चार घोट घ्या. एकदम तांब्याभर प्यायलात तर तेच पाणी उलटून येईल.

उलट्या सुरू झाल्या तर ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्याचमच्याने द्या. शुगर असली तरी उलट्या होत असताना हे चालते, फक्त ग्लुकोमीटरवर नजर ठेवा. त्या दिवशी बीपीची लघवी वाढवणारी गोळी किंवा शुगरची डापाग्लिफ्लोझिन गोळी चालू असेल तर फोन करून डॉक्टरांना विचारा, ती थांबवायची का.

आणि एक खास विदर्भातल्या वाचकांसाठी. तुमच्या किंवा घरच्या कोणाच्या रक्तात सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडले की हाडांच्या तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, त्यामुळे उलट्या करवणारे औषध त्याच्यासाठी साधी गोष्ट नाही. शिवाय सिकलसेल असताना एचबीए१सीचा आकडा भरवशाचा राहत नाही. साखर बोटाच्या तपासणीवरच बघावी लागते.

पोटात वरच्या बाजूला सतत तीव्र दुखणे, ते पाठीत जाणे आणि सोबत उलट्या: ही स्वादुपिंडाची सूज असू शकते. १०८ बोलवा, पुढची सुई घेऊ नका. दारू, मग ती मोहाची असो की दुकानातली, स्वादुपिंडावरचा भार वाढवते. औषध चालू असेपर्यंत ती बंद ठेवा. डोळे पिवळे होणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, आठ तास लघवी न होणे, एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे, यांतले काहीही झाले तरी त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : शुगरची गोळी दहा वर्सांपासून चालू हाय. आता डाक्टरनं हप्त्याची सुई देल्ली. तिसऱ्या हप्त्यात निंदण करता करता हातपाय थरथरले, घाम सुटला, डोयापुढं अंधारी आली. काऊन झालं असंन? सुई बंद करू का? (पुसद, जि. यवतमाळ)

दादा, तुमची साखर खाली गेली होती. नुसत्या सुईने असे क्वचितच होते. तुमच्या गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असे नाव आहे का पाहा. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाही, ती साखर खाली ओढतच राहते. पूर्वी तुम्ही तीन भाकरी खात होता, आता सुईमुळे एकच. गोळी मात्र तीन भाकरींच्या हिशेबाची राहिली.

सुई बंद करू नका, गोळीही मनाने बंद करू नका. दोन्ही पाकिटे घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की थांबवायची हे ते ठरवतील. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू.

पुन्हा तसे झाले तर काम टाकून सावलीत बसा. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढाच गूळ. पंधरा मिनिटांनी बरे नसेल तर पुन्हा तेवढेच. बरे वाटल्यावर अर्धी भाकर किंवा दूध घ्या, कारण ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ टिकतो आणि दोन तासांनी साखर पुन्हा पडू शकते. ग्लुकोमीटर असेल तर ७० च्या खालचा आकडा म्हणजे साखर घ्यायचीच. सोबतच्या माणसाला सांगून ठेवा: बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी-साखर ओतायची नाही, १०८ ला फोन करायचा. खिशात साखरेची पुडी असू द्या.

प्रश्न : भूकच लागत नाही तर जेवायचे कशाला? दिवसभर चहा-बिस्किटावर निघतो आणि वजनही उतरते आहे. (साकोली, जि. भंडारा)

उतरते आहे, पण काय उतरते आहे ते पाहा. कमी झालेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. चहा-बिस्किटावर राहिलात तर स्नायू जास्त जातील, केस गळतील, आणि रोवणीत वाकून उठताना मांड्या साथ देणार नाहीत.

दिवसाला दर किलो वजनामागे एक ग्रॅम प्रथिने हे ध्येय धरा. ७० किलोला ७० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.) भंडाऱ्याकडे ताट भाताने भरते, त्यात वरण चमचाभर. ते उलटे करा. दोन अंड्यांत बारा ग्रॅम, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडीत पंचवीसच्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरड्या तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत अकरा-बारा, पन्नास ग्रॅम बेसनाच्या झुणक्यात दहाएक. मासे मिळतात, तर तळण्याऐवजी रस्सा करा, तेल कमी. ताटात आधी हे खायचे, मग भाजी, भात शेवटी. चारदा थोडे-थोडे खा आणि पोट भरल्याचे जाणवताच थांबा. "ताटात टाकू नये" म्हणून चार घास जास्त घेतले की या औषधावर तेच उलटीत जातात.

तर्रीपोहे, सावजी रस्सा, भजी हे पहिल्या काही महिन्यांत टाळलेले बरे. तेल जठरात आधीच रेंगाळते, औषधाने आणखी रेंगाळते. बद्धकोष्ठतेला जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, भरपूर पाणी. तीन दिवस पोट साफ झाले नाही तर इसबगोल, पण पाण्याशिवाय नाही. आणि स्नायू टिकवायला रोज वीस-पंचवीस वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. शेतातले वाकणे हा त्याला पर्याय नाही.

प्रश्न : हरतालिका आणि नवरात्राचे उपवास करू का? (वाशीम)

निर्जळी उपवास नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच नको. इतरांनी फराळ करावा, पण साबुदाण्याच्या वाटीऐवजी दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा.

प्रश्न : पत्नी मौन्जारो घेते. गर्भनिरोधक गोळ्याही चालू आहेत. पुढच्या वर्षी मूल हवे आहे. (तिवसा, जि. अमरावती)

मौन्जारोमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे निरोध वापरा, किंवा तांबीचा विचार करा. वजन उतरले की अनियमित पाळी सुरळीत होते आणि "आम्हाला राहणारच नाही" म्हणणाऱ्यांनाही दिवस जातात, हेही ध्यानात असू द्या. मूल हवे असेल तर मौन्जारो किमान एक महिना आधी थांबवा. सेमाग्लुटाइड असेल तर किमान दोन महिने आधी. पाळी चुकली तर पुढची सुई घेण्याआधी चाचणी.

प्रश्न : नागपूरला लग्नाला गेलो, सुई राहिली. आता दोन एकदम घेऊ का? (काटोल, जि. नागपूर)

दोन एकदम कधीच नाही. वेगोव्हीचा पुढचा डोस दोन दिवसांहून जास्त लांब असेल तर राहिलेला घ्या, नाहीतर सोडून द्या. मौन्जारो चुकल्यापासून चार दिवसांच्या आत घेता येते. दोन-तीन आठवडे सलग राहिले असतील तर जुन्याच मोठ्या डोसवर परत जाऊ नका. पोटाची सवय मोडलेली असते. पुन्हा खालून सुरू करायचे का ते विचारा.

प्रश्न : गुडघ्यांसाठी एका गावठी डॉक्टरच्या पुड्या दोन वर्षे घेतो. गुडघे थांबले, पण तोंड सुजल्यासारखे गोल झाले आणि वजन १४ किलो वाढले. आता वजनाची सुई घ्यावी म्हणतो. (रिसोड, जि. वाशीम)

आधी त्या पुड्यांचे पाहा. गोल चेहरा, मानेमागे चरबी, पोटावर जांभळे पट्टे, हातपाय बारीक, ही स्टिरॉइडची लक्षणे आहेत. बिनलेबलच्या पुडीत डेक्सामेथासोन असण्याचा दाट संशय येतो. वजन त्यानेच वाढले असेल तर भूक मारून काय साधणार? पण पुडी एकाएकी बंद करू नका. दोन वर्षांत शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवलेले असू शकते, आणि अचानक बंद केल्यास बीपी कोसळून जीवावर बेतू शकते. उरलेल्या पुड्या घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसीन विभागात जा. ते मोजून-मापून कमी करतील. वजनाच्या सुईचा विचार त्यानंतर.

प्रश्न : किती महिने घ्यायची? दहा किलो उतरले की बंद करतो म्हटले तर? (चिखली, जि. बुलढाणा)

याचे उत्तर सुरू करण्याआधीच घरात बसून द्यायला हवे, कारण हे बीपीच्या गोळीसारखे लांबचे औषध आहे. आधी सांगितलेल्या चाचणीतल्या काही लोकांचे औषध थांबवून पुढे एक वर्ष पाहिले, तर उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले होते. औषध गेले की भूक पूर्वीच्या जागी येते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचा नव्हे, दोन वर्षांचा खर्च कापसाच्या आणि तुरीच्या हिशेबात बसतो का ते पाहा. मोठ्या डोसचा खर्च लहान डोसहून जास्त असतो. कर्ज काढून सहा महिने घ्यायचे आणि मग सोडायचे, यात पैसेही जातात आणि वजनही परत येते. त्यापेक्षा मेटफॉर्मिन (शुगरची जुनी गोळी), आहार आणि चालणे यांवर डॉक्टरांबरोबर नीट काम करणे आम्हाला बरे वाटते. सर्वाधिक सोसवलेल्या डोसवर काही महिने काढूनही पाच टक्केसुद्धा वजन उतरले नाही, तर ते औषध तुमच्यासाठी नाही असे समजून डॉक्टरांशी बोला.

पक्के बिल घ्या, बॅच नंबर बिलावर लिहून घ्या. ओझेम्पिकच्या बनावट बॅच जगात सापडल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये दिला होता. व्हॉट्सॲपवरून निम्म्या किमतीत येणारे पेन घेऊ नका. आणि ऑपरेशन ठरले, अगदी दात काढायला भूल देणार असतील तरीही, भूलतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचे सांगा. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न असू शकते आणि ते श्वासनळीत जाऊ शकते.

प्रश्न : वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या? घंटागाडी येत नाही. (आमगाव, जि. गोंदिया)

टोचून झाल्यावर मनात सहापर्यंत मोजून सुई बाहेर काढा आणि लगेच पेनवरून उतरवा. लावून ठेवली तर औषध झिरपते आणि हवा शिरते. फिनाइलची किंवा तेलाची जाड प्लास्टिक बाटली घ्या, झाकण घट्ट, वर मार्करने "सुया" लिहा. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, सुई आरपार जाते. तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. त्यांच्याकडच्या सुयांबरोबर ती जाऊ शकते. उकिरड्यात मात्र टाकू नका. तेच खत जूनमध्ये बांधीत जाते, आणि रोवणीला माणसे अनवाणी उतरतात.